गोधडी, क्रेझी क्विल्ट आणि आजीची पैठणी

चि. छकुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कॉलेजच्या शिवणकलेच्या वर्गात तुला क्रेझी क्विल्टचा, म्हणजे वेड्यावाकड्या तुकड्यांच्या अमेरिकन रजईचा, एक चौकोन करायचा आहे आणि त्यासाठी घरातली कापडे हवी आहेत, असे तू कळवलेस. सोबत विचारलेस, की आजीची गोधडी ही मराठी क्रेझी क्विल्टच ना, आणि तसे असेल तर चौकोनासाठी तिच्या पैठणीचा तुकडा कापला तर काय बिघडले? दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे, पण त्याचे कारण सविस्तर सांगायला हवे.

क्रेझी क्विल्टचा उगम अमेरिकेतला. 1876 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट पार्कमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथल्या जपानी दालनातील वस्तूंवरची असमतोल, वाकड्यातिकड्या रेषांची नक्षी अमेरिकन स्त्रियांच्या मनात भरली आणि पुढच्या दशकात या क्विल्टचे वेड सर्वत्र पसरले, असे या विषयाचे अभ्यासक मानतात. रेशीम, मखमल, टायांचे तुकडे, टोप्यांच्या फिती, इतकेच काय, सिगारच्या जुड्या बांधायच्या रेशमी फितीसुद्धा त्यांत गेल्या. आत बहुधा कापूस नसे. थंडीत पांघरण्यासाठी नव्हे, तर दिवाणखान्यातल्या कोचावर टाकून पाहुण्यांना दाखवण्यासाठी ही क्विल्ट केली जाई. (त्याच 1876 साली विदर्भात गाडगे महाराज जन्मले, आणि अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रामुळे लोक त्यांना गोधडे महाराज म्हणू लागले, हा निव्वळ योगायोग, पण ठिगळ कुठे हौसेचे असते आणि कुठे निरिच्छतेचे, हे त्यावरून तुझ्या ध्यानात येईल.)

गोधडीत चांगले कापड जात नाही. नेसून नेसून विरलेले सुती लुगडे, फाटके धोतर, जुने पातळ असे कापड धुऊन, वाळवून, थरावर थर अंथरले जाते आणि धावदोऱ्याने शिवले जाते. कोल्हापूर-साताऱ्याकडे हिलाच वाकळ म्हणतात. लुगडे शक्य तितके अखंड ठेवतात; वर दिसणारी ठिगळे बहुतेक वेळा विरलेल्या जागा झाकण्यासाठी असतात, शोभा त्यांना नंतर येते. बाळाचे दुपटेही नव्या कापडाचे न करता जुन्या लुगड्याचे करतात, कारण वर्षानुवर्षांच्या धुण्याने आलेला मऊपणा नव्या कापडाला नसतो.

शिवण्याची दिशाही वेगळी आहे. गोधडीचा दोरा अनेकदा काठाकडून निघतो आणि चौकोनात चौकोन काढत आत मध्याकडे सरकतो. उत्तर कर्नाटकातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रियांची कवंद नावाची गोधडी तर दिसायला क्रेझी क्विल्टची सख्खी बहीण वाटते, पण तीही काठापासूनच सुरू होते, आणि चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ लावल्याखेरीज ती पुरी झाली असे मानत नाहीत. तुझा चौकोन मात्र मध्यापासून बाहेर वाढेल.

त्यासाठी आधी मांजरपाटाचा चौदा इंची चौकोन काप. तयार चौकोन बारा इंची हवा असला, तरी शिवताना कापड आखडते. मध्याच्या थोडे बाजूला पाच असमान बाजूंचा एक तुकडा सुलट ठेवून टाच. दुसरा तुकडा त्याच्या एका बाजूवर सुलटीवर सुलट येईल असा ठेव, पाव इंच सोडून शीव, उलटून इस्त्रीने दाब, आणि असेच पहिल्या तुकड्याभोवती फिरत जा. प्रत्येक नव्या तुकड्याने आधीच्या शिवणीचे टोक झाकले गेले पाहिजे. कुठे आत वळलेला कोपरा तयार झाला, तर तिथे तुकडा बसवण्याचा हट्ट न धरता कडा सरळ कापून घे. दोन भडक तुकड्यांमध्ये एक साधा, गडद तुकडा नसेल, तर भरतकाम दिसणारच नाही. माझ्या मते नवशिक्यांचे चौकोन बिघडतात ते इथेच. शेवटी साडेबारा इंचांवर कडा समान करून प्रत्येक शिवणीवर हेरिंगबोन, काज टाका किंवा साखळी टाका घाल.

जुने रेशीम कुणी दिले तर ते आधी उजेडात धरून पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेशमाचे वजन वाढवण्यासाठी त्याला कथिलाच्या किंवा लोखंडाच्या क्षारांत बुडवत असत. त्या क्षारांनी धागा ठिसूळ होतो, म्हणूनच संग्रहालयांतल्या क्रेझी क्विल्टमध्ये शेजारची मखमल धड असते आणि रेशमाच्या मात्र उभ्या चिरफळ्या झालेल्या दिसतात.

सोबतच्या गाठोड्यात गुळेदगुड्ड खणाचे चार तुकडे, माझ्या इरकली साडीचा उसवलेला काठ, बाबांचे दोन जुने टाय आणि काळ्या मखमलीचा एक तुकडा आहे. खणाचे धागे कडेने फार निघतात, तेव्हा त्याच्या मागे चिकटणारे पातळ अस्तर लाव. जरीवर इस्त्री करताना वर सुती फडके ठेव, नाहीतर हल्लीची प्लास्टिकची जर वितळते. आजीचे एक विरलेले लुगडेही घातले आहे, परंतु ते कापू नकोस. चौकोनाच्या मागे अस्तर म्हणून हवे असेल, तर त्यातले फाटलेले टोक तेवढे घे आणि उरलेले परत पाठव, येत्या हिवाळ्यात मला गोधडी घालायची आहे.

पैठणी पाठवलेली नाही. आजी ती अजून लग्नकार्याला नेसते. विरली की मग पाहू.

तुझी,
आई