पणजी ते वाळपई : पर्यावरणातील बदल अंतराने मोजावा का?

पणजीपासून वाळपईपर्यंत ठरावीक अंतरावर नोंदी घेतल्यास शहराचा पर्यावरणावरील परिणाम कळेल का, असे आपण विचारले आहे. कळेल, मात्र केवळ किलोमीटरांवर भिस्त ठेवू नये, असे माझे मत आहे.

मॅकडॉनेल आणि पिकेट या पर्यावरणशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये शहराकडून गावाकडे जात नोंदी घेण्याची ही पद्धत मांडली. न्यूयॉर्कपासून कनेक्टिकटच्या ग्रामीण भागापर्यंतच्या ओकच्या जंगलांत झालेल्या अभ्यासात शहरालगतच्या मातीत जड धातू अधिक आढळले, आणि तरीही पालापाचोळा तेथेच लवकर कुजत होता, कारण तेथे उष्णता अधिक होती आणि बाहेरून आलेली गांडुळेही होती. सर्वत्र जंगल सारखेच निवडले होते, म्हणूनच हा फरक शहरामुळे पडला, असे म्हणता आले. आपल्याकडे सत्तरी तालुक्यातील वाळपई सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. तेथील जास्तीचा पाऊस डोंगरामुळे पडतो, त्याचा पणजीच्या काँक्रीटशी संबंध नाही.

शिवाय गोव्यात शहर संपून गाव सुरू होते अशी रेषाच सापडत नाही. रायबंदरच्या रस्त्याला लागताच खारफुटी दिसते, आणि बरेच आत गेल्यावर डिचोलीत खाणींनी पोखरलेले डोंगर. २०११ च्या जनगणनेने सुमारे ६२ टक्के गोमंतकीयांना शहरी ठरवले, पण त्या मोजणीत व्यवसाय आणि लोकवस्तीची घनता पाहिली जाते, जमीन नव्हे. त्यामुळे कागदोपत्री शहरी असलेल्या वाड्यावरही भाट (माडांची बाग) आणि शेत शाबूत असते.

म्हणून जागा निवडताना प्रत्येक ठिकाणाभोवती ५०० मीटरच्या वर्तुळात किती जमीन बांधकामाखाली आहे, ते मोजावे. मग झाडाच्या बुंध्याशी बसून पाहावे. पणजीतील आल्तिनो टेकडीवरील एखाद्या जुन्या वृक्षाभोवती सिमेंटचा कठडा असतो आणि पाने रोज झाडून नेली जातात, तर सत्तरीतील कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीची झावळे मुळाशीच कुजतात, खालची माती ओलसर व भुसभुशीत राहते आणि खोडांवर दगडफुलाचे पांढुरके-हिरवे डाग दिसतात.

पक्ष्यांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. ब्लेअर या अभ्यासकाला १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियात मध्यम विकसित जागांवर सर्वाधिक पक्षिजाती आढळल्या होत्या. आपल्याकडील बागांच्या वस्त्यांतही तसे आढळू शकेल, पण नुसती संख्या फसवी असते; म्हणून कावळा-पारवा एका रकान्यात आणि रानाबाहेर न टिकणारे पक्षी दुसऱ्या रकान्यात, अशी वेगळी नोंद ठेवावी. तापमान मात्र रात्रीचे घ्यावे, कारण दिवसा तापलेले काँक्रीट साठवलेली उष्णता तेव्हाच सोडते आणि दुपारी पणजीवर समुद्रवाऱ्याचा प्रभाव असतो.