पाळी बारा दिवस लांबली, कारण काय असेल?

तुमची पाळी दर तिसाव्या दिवशी येते, या वेळी बारा दिवस वर झालेत आणि मामी पपई खायला सांगतेय, असं तुम्ही लिहिलंय. पपई आवडत असेल तर खुशाल खा, पण तिने पाळी येईल या भरवशावर राहू नका.

संबंध आले असतील, निरोध वापरला असला तरी, आधी मेडिकलमधून प्रेग्नन्सी टेस्टचं किट आणा. सकाळच्या पहिल्या लघवीवर करा. दोन रेघा म्हणजे गर्भ राहिलाय; दुसरी रेघ पुसट दिसली तरी ती धरायचीच. शेवटच्या संबंधाला २१ दिवस होऊन गेले असतील आणि एकच रेघ आली, तर ती शंका मनातून काढा.

मग बाकीची कारणं. अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडल्यावर साधारण १४ दिवसांनी पाळी येते. हा काळ फारसा बदलत नाही, लांबतो तो त्याच्या आधीचा. म्हणजे कारण आजचं नसतं, मागची पाळी संपल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांतलं असतं. ते दिवस आठवा. परीक्षा, जागरणं, ताप, कडक उपास, झपाट्याने उतरलेलं वजन?

मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखेला गोल करते. एकदा १९ दिवस लांबली तेव्हा पानं उलटली, तर गोलानंतर दहाव्या दिवसापासून चौकोनांत माझ्याच अक्षरात प्लेटलेट्सचे आकडे. डेंग्यू झाला होता! पुढच्या महिन्यापासून पाळी आपोआप रुळावर आली.

संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून इमर्जन्सी गोळी घेतली असेल तर पाळी काही दिवस मागेपुढे होते. गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल, तर ती थांबवल्यावर सहसा दोन-तीन दिवसांत येते.

वारंवार असं होत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओडी (हॉर्मोन्स बिघडून बीज वेळेवर बाहेर न पडण्याचा त्रास), खूप थकवा आणि थंडी वाजत असेल तर थायरॉइड असू शकतो. रक्ततपासणी आणि सोनोग्राफीतून बरंच कळतं. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जाच. मात्र टेस्टमध्ये दोन रेघा आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय किंवा चक्कर येतेय, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत राहिलेला असू शकतो. तेव्हा सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा.

लग्न झालेलं नाही म्हणून संकोच वाटत असेल तर एकट्या जा. तुम्ही २३ वर्षांच्या आहात, तपासणीसाठी कुणाची परवानगी लागत नाही.