लग्नाचा हिशेब : आधी यादी, मग हॉल

या वेळच्या टपालात लग्नखर्चाची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. माझी सगळी नोकरी लग्नाच्या हॉलचे हिशेब ठेवण्यात गेली. वधूवरांपेक्षा त्यांची बिलं मी जास्त जवळून पाहिली आहेत, तेव्हा उत्तरं त्या टेबलामागूनच येणार. जागेअभावी पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, आमचं लग्न पुढच्या वर्षी आहे. खर्च बहुतेक आम्ही दोघंच करणार. अंदाज यावा म्हणून 'लग्नाचा सरासरी खर्च' शोधला आणि आकडा बघून धसकाच बसला. तेवढे पैसे आमच्याकडे नाहीत. अंदाजपत्रकाला सुरुवात तरी कुठून करायची?

उत्तर : आधी त्या सरासरीचा धसका काढून टाका. समजा, दहा घरांत लग्नं झाली. नऊ घरांनी चार-चार खर्च केले आणि दहाव्याने चव्वेचाळीस. सरासरी येते आठ. पण त्या दहांत आठ खर्च करणारं घर एकही नाही! एका धनिकाने बाकीच्या नऊ जणांचा आकडा दुप्पट करून ठेवला. शिवाय असे आकडे पुष्कळदा लग्नाच्या धंद्यातल्या लोकांनी आपल्याच गिऱ्हाइकांना विचारून काढलेले असतात. दहा माणसांत सही करून मोकळे झालेले त्यांच्या वहीत येतच नाहीत. तेव्हा 'लोक किती करतात' हा प्रश्नच सोडा.

सुरुवात खिशापासून करा. एका कागदावर तीनच आकडे लिहा : आज हातात असलेले, लग्नाच्या तारखेपर्यंत नक्की साठणारे, आणि घरच्यांनी आकडा सांगून कबूल केलेले. 'बघू की, काहीतरी करू' हा आकडा नव्हे, तो लिहायचा नाही. पाहुण्यांच्या भेटींतून येणारे पैसेही लिहायचे नाहीत. ते येतात लग्नानंतर आणि बिलं येतात लग्नाआधी. बेरजेतून दहावा हिस्सा बाजूला काढा आणि तो नाहीच असं समजा. उरलं ते तुमचं अंदाजपत्रक.

आता हॉल बघायला जाल, तर थांबा. माझ्या टेबलासमोर बसलेली बहुतेक मंडळी हॉल पसंत करून यायची आणि पाहुणे किती म्हणून विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. यादी आधी करायची. आणि यादी म्हणजे घरं नव्हे, माणसं. 'आमच्या फक्त एकशेवीस पत्रिका आहेत' असं लोक मोठ्या समाधानाने सांगतात. पत्रिकेमागे अडीच माणसं धरली तर ते तीनशे झाले.

माणसांवर एवढा भर का, ते खर्चाच्या स्वभावात आहे. काही खर्च माणशी असतात : ताट, खुर्ची, पत्रिका, येण्याजाण्याची आणि राहण्याची सोय. काही एकरकमी असतात : हॉलचं भाडं, फोटोवाला, तुमचे कपडे. पाहुणे शंभर असोत की दोनशे, ते हलत नाहीत. तिसरी जात फसवी, तिला मी पायरीचा खर्च म्हणते. हॉल दोनशेंचा आणि यादी दोनशे दहाची झाली, की ती दहा माणसं दहा ताटांवर भागत नाहीत. त्यांच्यापायी पुढचा मोठा हॉल घ्यावा लागतो. बसचं तेच, वाढप्यांच्या तुकडीचं तेच. यादी पायरीच्या कडेवर आली असेल तर तिथे पाच-दहा नावांसाठी घासाघीस करण्यात अर्थ आहे. मधल्या टप्प्यावर असेल तर एखाद्या मावशीच्या नावावरून घरात भांडण काढू नका.

एकूण शंभरातले साठ माणशी आणि चाळीस एकरकमी जातात असं धरा. पाहुणे पाव हिश्शाने कमी केले तर शंभराचे पंचाऐंशी होतात. डेकोरेशनला आठ जात असतील आणि तुम्ही ते निम्म्यावर आणलंत, तर वाचतात चार. तरीही लोक महिनाभर फुलांवरून वाद घालतात आणि यादीला पाच मिनिटंही देत नाहीत. फुलांवर मत द्यायला कोणाचंच नाव खोडावं लागत नाही ना!

प्रश्न : मुलीचं लग्न नुकतंच झालं. सगळं छान पार पडलं, पण हॉलवाल्यांनी आणि इतरांनी आधी सांगितलेल्या रकमेपेक्षा बिल जवळजवळ पावपट जास्त आलं. आम्हाला फसवलं का? धाकट्या मुलाचं लग्न दोन वर्षांत करायचं आहे, तेव्हा काय काळजी घ्यावी?

उत्तर : बिल बघितल्याशिवाय फसवलं असं म्हणणार नाही. बऱ्याचदा कोटेशन खोटं नसतं, अपुरं असतं. तळाशी बारीक अक्षरांत 'कर वेगळे' असतं. हॉलचे तास ठरलेले असतात. मुहूर्त साधूनही निरोपाला दोन तास उशीर झाला की जादा तासांचं भाडं लागतं. वीज, जनरेटर, सफाई, पार्किंगवरची माणसं, कपड्यांचं ऐनवेळचं फिटिंग, कामगारांच्या हातावर ठेवायचे पैसे, यांतलं काहीच पॅकेजच्या पानावर दिसत नाही. आणि फोटोवाले, वादक, ड्रायव्हर हेसुद्धा जेवतात. त्यांची ताटं कोणत्याच यादीत नसतात, बिलात मात्र असतात.

सगळ्यात जास्त तंटे मी पाहिले ते ताटांवरून. 'किमान ताटं' हा शब्द करारात कुठे आहे ते शोधा. तुम्ही तीनशे सांगितले, किमान ताटं दोनशे ऐंशी ठरली आणि जेवले दोनशे साठ, तर पैसे दोनशे ऐंशींचे. त्यात अन्याय काही नाही, स्वयंपाक झालेला असतो. पण हा आकडा खाली आणायची शेवटची तारीख कोणती, ते बयाणा देण्याआधी लिहून घ्यायला हवं. ताटं कोण मोजणार तेही लिहून घ्या. रिकाम्या ताटांचे गठ्ठे सुरुवातीला आणि शेवटी मोजायचे, दोन्ही वेळा तुमचा माणूस हजर. लग्न पुढे ढकललं किंवा मोडलं तर कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे परत, हे विचारायला लोकांना अशुभ वाटतं. मला ते न विचारणं महाग वाटतं.

दुसरी गोष्ट हॉलवाल्याची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. आपलं काम वेळेत आणि ठरल्या पैशांत होईल असं माणसाला वाटतंच, आधीची कामं लांबलेली डोळ्यांसमोर असली तरी. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979मध्ये या खोडीवर लिहिलं. पुढे 1994मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज 34 दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले 55हून जास्त. यावर उपाय म्हणजे आपल्या बेताकडे न बघता दुसऱ्यांच्या झालेल्या कामाकडे बघणं. लग्नाच्या बाबतीत तुम्ही भाग्यवान आहात : झालेलं काम तुमच्याच घरात आहे. मुलीच्या लग्नाची बिलं फेकू नका. सांगितलेली रक्कम आणि दिलेली रक्कम शेजारी-शेजारी मांडा, आणि मुलाचं अंदाजपत्रक दुसऱ्या रकान्यावरून करा.

प्रश्न : थोडे पैसे कमी पडतात. लग्नासाठी कर्ज काढावं का? मित्र म्हणतो, वर्षभरात फिटेल.

उत्तर : मित्र फेडणार आहे का? वर्षाला बारा टक्क्यांनी पाच वर्षांचं हप्त्याचं कर्ज काढलंत, तर शंभराचे साधारण एकशे तेहेतीस फेडाल. तीन वर्षांचं काढलंत तर एकशे वीसच्या आसपास. क्रेडिट कार्डावर महिना तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण थकबाकी तशीच ठेवली तर वर्षाचं व्याज बेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. कमी पडणारी रक्कम लग्नापर्यंतच्या महिन्यांनी भागा. तो आकडा दरमहा बाजूला टाकता येत नसेल, तर तेवढाच हप्ता लग्नानंतर नव्या संसाराच्या खर्चातून कसा निघेल, हे मित्राला विचारा. तारीख पुढे नेता येत असेल तर न्या. गर्दीच्या मोसमाबाहेरची किंवा आठवड्याच्या मधली तारीख घेतलीत, तर हॉलवाला भाव कमी करायलाही तयार होतो, कारण रिकामा हॉल त्याला काहीच देत नाही.

प्रश्न : खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा करायचा असं ठरलं. आमची माणसं सत्तर. व्याह्यांची यादी शंभरावरून दीडशेवर गेली, आणि अजून वाटणी निम्मीच आहे. नातं नवीन, बोलायला संकोच वाटतो. काय करू?

उत्तर : 'तुमची माणसं जास्त आहेत' असं बोलू नका, त्याने फक्त रुसवे होतात. वाटणीची रीत बदलू या, असं म्हणा. एकरकमी खर्च निम्मा-निम्मा आणि माणशी खर्च ज्याच्या-त्याच्या पाहुण्यांप्रमाणे. वरचंच साठ-चाळीसचं गणित धरलं तर एकरकमीतले वीस-वीस. माणशी साठांतले तुमच्याकडे एकोणीस, त्यांच्याकडे एक्केचाळीस. म्हणजे शंभरातले तुमचे एकोणचाळीस आणि त्यांचे एकसष्ट. यात कोणी कोणाला नाव खोडायला सांगत नाही. ज्याला बोलवायचं त्याने खुशाल बोलवावं. ही रीत लागू झाल्यावर दीडशेची यादी आपोआप सव्वाशेवर आलेली मी पाहिली आहे, आणि तीसुद्धा हसतखेळत. फक्त बोलणं बयाणा देण्याआधी व्हावं, आणि ते मुलामुलीने करावं; दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना मान खाली घालावी लागत नाही.

प्रश्न : मुलगी म्हणते लग्न लहानच करायचं. पण एकदाच होणाऱ्या गोष्टीत हात आखडता घेतला तर पुढे तिलाच वाईट वाटेल, असं मला आई म्हणून वाटतं. लोक बोलतील ते वेगळंच.

उत्तर : बाई, 'एकदाच होतं' या दोन शब्दांवर अख्खा धंदा उभा आहे. भाव सांगताना ते मीही ऐकवलेत.

खर्चाचा आणि संसाराचा संबंध असतो का, हे अमेरिकेत तपासून पाहिलं गेलं आहे. अँड्र्यू फ्रान्सिस आणि ह्यूगो मियालॉन या अर्थशास्त्रज्ञांनी लग्न झालेल्या तीन हजारांहून जास्त लोकांना प्रश्न विचारले. त्यांचा निबंध 2015 साली प्रसिद्ध झाला. महागडी अंगठी आणि महागडा सोहळा यांच्या जोडीला संसार जास्त टिकलेला दिसला नाही. काही गटांत तर उलट, जास्त खर्चाच्या लग्नांत मोडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. खर्चामुळे संसार मोडतो असा याचा अर्थ नव्हे. दोन गोष्टी बरोबर दिसल्या, एवढंच.

त्याच निबंधात एक गोष्ट माझ्या आवडत्या सल्ल्याच्या आड येते : लग्नाला जास्त माणसं असणं आणि संसार टिकणं यांचा मेळ चांगला दिसला. म्हणजे मी नावं खोडायला सांगते आणि संशोधक म्हणतात माणसं असू द्या! मग वाट एवढीच उरते की माणसं ठेवायची आणि माणशी खर्च खाली आणायचा. भरगच्च जेवणाऐवजी संध्याकाळचं हलकं खाणं ठेवा, तीन समारंभांऐवजी एक करा. बसून जेवण हवंच असेल तर फक्त जवळच्यांना, दुसऱ्या दिवशी, घरी. मुलीच्या 'लहान'चा अर्थ माणसं कमी की थाट कमी, हे तिला एकदा विचारा. माझ्या अनुभवात मुलांना बहुतेक वेळा थाटच नको असतो. लोकांचं म्हणाल तर ते घरी पोचेपर्यंत बोलतात.

प्रश्न : हिशेब कोणी ठेवावा?

उत्तर : वधूवरांनी नको, दोघांच्या आईवडिलांनीही नको. ज्याला त्या दिवशी नटायचं नाही, आणि जो 'नाही' म्हणायला घाबरत नाही, असा एखादा चुलतभाऊ किंवा आतेबहीण बघा. वहीत रकाने तीन : ठरलेले, दिलेले, राहिलेले. प्रत्येक ओळीपुढे पावती. नवी खरेदी सुचली की ती कोणत्या ओळीतून कापायची हे सुचवणाऱ्यानेच सांगायचं, नाही सांगितलं तर लिहायचं नाही. आणि हॉलकडे ठेवलेली अनामत रक्कम चौथ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. लग्नाच्या धांदलीत ती परत न्यायला विसरणारे आमच्याकडे दर मोसमात असायचे.