धूप-चंदनाच्या वासाचं परफ्यूम ऑइल अंगावर लावल्यावर नेमका कसा वास येतो?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: नोकरीसाठी नुकतेच पणजीत आला आहात, लाकूड आणि धूप अशा वासाचं, अल्कोहोल नसलेलं परफ्यूम ऑइल घ्यायचं मनात आहे, पण दिवसभर देवळातून उठून आल्यासारखं वाटेल की काय ही धास्ती आहे. शिवाय इथल्या दमट हवेत ते कसं वागेल आणि ऑफिसात चालेल का, हेही विचारलंय.

धास्ती सोडा. देवळासारखा वास येणार नाही. देवळात आपल्याला येतो तो वास धुराचा असतो, आणि अंगावर काही निखारा नसतो.

फोंड्याला आमचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे ही देवळांची गावं सगळी जवळ, त्यामुळे धूप, लोबान, गुग्गुळ, कापूर हा माल वडिलांच्या वेळेपासूनचा. अत्तरं आणि परफ्यूम ऑइलं गिऱ्हाईक मागायला लागलं तशी मी ठेवायला लागलो. एकाच कपाटात वरच्या फळीवर जाळायचा माल आणि खालच्या फळीवर अंगाला लावायचा, त्यामुळे दोन्हींतला फरक मला रोज हुंगायला मिळतो.

धुपाचंच घ्या. बाटलीवर 'फ्रँकिन्सेन्स' लिहिलेलं असतं ते म्हणजे इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, धुपाटण्यात टाकतात तो पिवळसर खडा. आपल्याकडच्या सालईच्या भावकीतलं झाड, त्याच्या सालीला चिरा देऊन निघालेला डिंक. चांगला माल ओमान-सोमालियाकडचा. हा खडा न जाळता नखाने जरा खरवडून नाकाशी धरा. लिंबाची साल, पाइनचं लाकूड, मागे थोडी मिरी. धार्मिक असं त्यात काही नसतं. आता तोच खडा करवंटीच्या निखाऱ्यावर ठेवा. आधी तडतडतो, मग वितळून बुडबुडे येतात आणि दाट पांढरा धूर निघतो. तो झाला देवळाचा, इगर्जीचा वास. शेकडो अंशांच्या आचेवर खड्यातले पदार्थ मोडतात, जळतात आणि खड्यात मुळात नव्हते असे नवे पदार्थ तयार होतात.

तेल काढतात ते मात्र वाफेवर, म्हणजे साधारण १०० अंशांवर. तिथे जळणं नाहीच. म्हणून तेलाला वास येतो तो कच्च्या खड्याचा. तुमच्या मनगटाचं तापमान तर ३२-३३ अंश. तेवढ्या उबेवर तेल हळूहळू उडत राहतं, बस.

लावल्यावर काय होतं ते क्रमाने सांगतो. पहिली पाच-दहा मिनिटं फ्रँकिन्सेन्सची. लिंबू, पाइन, मिरी, कधी थोडा हिरवट झणका. त्यात अल्फा-पिनीन नावाचा पदार्थ बऱ्याचदा भरपूर असतो आणि टर्पेंटाइनमध्येही मुख्य तोच. त्यामुळे काहींना पहिल्या हुंगण्यात थेट रंगाचं दुकान आठवतं आणि ते तोंड वाकडं करून बाटली परत ठेवतात. थांबायला हवं. हा भाग सगळ्यात हलका, सगळ्यात आधी उडतो.

मग वळण घेतं ते मधलं डिंकाचं काम. लोबान असेल तर गोडवा येतो, व्हॅनिलासारखा. लोबानात थोडं व्हॅनिलिन खरोखरच असतं. हिराबोळ असेल तर कडवट, औषधी, किंचित रबरासारखं. ज्यांच्या घरात बाळंतिणीला हिराबोळ दिलेला आहे त्यांना तो वास लगेच ओळखू येतो आणि परफ्यूममध्ये नकोसाही वाटतो. (तीन राजांनी बाळ येशूला नेलं ते सोनं, धूप आणि हाच बोळ. रेइश मागुशच्या, म्हणजे तीन राजांच्या इगर्जीला जाणाऱ्या आणि कवळ्याच्या देवळाला जाणाऱ्या, दोघांनाही मी एकाच बरणीतून तोलून देतो.)

लाकूड सगळ्यात शेवटी येतं. चंदनाची खरी गंमत अंगावरच कळते, बाटलीत नाही. खरं चंदनतेल बाटलीतून हुंगलं तर गिऱ्हाईक म्हणतं, 'याला वासच नाही.' चंदनाचा वास ज्याच्यामुळे आहे तो सँटालॉल जड असतो. पिनीन १५६ अंशांना उकळतं, सँटालॉल ३०० च्या आसपास. तो घाई करत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मनगट सहज नाकाजवळ नेलंत की सहाणेवर खोड उगाळताना येतो तसा, थंड, दुधाळ, किंचित आंबूस झाक असलेला वास हाती लागतो. तो कधी ओरडत नाही आणि संध्याकाळपर्यंत हलतही नाही. देवदार आणि सीडर याहून कोरडे, पेन्सिलीला टोक काढताना येतो तसे. वाळ्याच्या तेलात माती आणि मुळं. अगरू हे वेगळंच प्रकरण: झाडाला बुरशीची लागण झाली की आतल्या लाकडात राळ साठते, तिचं ते तेल. त्याला चामडं, औषध, आणि काही जातींत चक्क गोठ्याची आठवण येते. खरं अगरूतेल फार महाग, आणि आसामातल्या त्या झाडाच्या जातीचा परदेशी व्यापार १९९५ पासून आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रणात आहे. तेव्हा दोनशे रुपयांच्या कुपीत अगरू आहे असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. त्यात कारखान्यात बनवलेले सुगंधी पदार्थ असतात. ते वाईट असतात असं नाही. मला स्वतःला काही आवडतात. फक्त पैसे त्या हिशेबाने द्यावेत.

आता तुम्ही म्हणाल, मग काही ऑइलांना धुराचा वास येतो तो कुठून? तो वेगळा घालावा लागतो. नागरमोथ्याचं तेल त्यातलं सभ्य: लाकडी, मातकट, जरा धुरकट. बर्चच्या सालीचं डांबर किंवा त्या धर्तीचं काही घातलं की धूर ठळक होतो, पण तिथे हात जरा सैल सुटला की शिमग्यात होळीजवळ उभं राहून आलेल्या शर्टासारखं वाटतं. 'स्मोकी' असं लिहिलेली कुपी ऑफिससाठी घेऊ नका, माझं स्पष्ट मत आहे. अंगावरचा धूप मला बिनधुराचाच बरा वाटतो.

अल्कोहोल नसल्याने काय होतं? स्प्रेमधलं अल्कोहोल भर्रकन उडतं आणि जाताना वास खोलीभर नेतं. तेल तसं करत नाही. ते कातडीला धरून बसतं आणि वास हातभर अंतरापर्यंतच राहतो. शेजारच्या टेबलावरच्याला कळणार नाही, हस्तांदोलन करणाऱ्याला कळेल. कनौजला पारंपरिक अत्तर काढतात तेव्हा देगेतली (उकळायच्या भांड्यातली) वाफ भपक्यातल्या (वाफ गोळा करायच्या भांड्यातल्या) चंदनतेलात उतरवतात, म्हणजे चंदन हाच पाया. आजकाल पुष्कळ मालात पाया लिक्विड पॅराफिनचा किंवा तसल्या बिनवासाच्या द्रवाचा असतो. पॅराफिनचं असेल तर अंगावर चिकट, तुळतुळीत राहतं. दोन बोटांत चोळलं की कळतं.

गोव्याच्या हवेचं सांगायचं तर दोन ऋतूंत एकच कुपी दोन तऱ्हांनी वागते. जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं, अंग सुकत नाही, आणि गोड डिंकाचा भाग फुगतो. लोबान, अंबर, व्हॅनिला असं जड गोड मिश्रण त्या दिवसांत गर्दीच्या बसमध्ये लावून बसलं तर शेजाऱ्याची दया येते. पावसाळ्यात वाळा, देवदार, कोरडं फ्रँकिन्सेन्स यांनाच पसंती द्या. एप्रिल-मेच्या घामात वास लवकर उठतो आणि घामात मिसळतो. मानेपेक्षा कोपराच्या आतल्या बाजूला लावलेलं तेव्हा बरं पडतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र सकाळी हवा जरा कोरडी, गार असते. जडातलं जड त्या दिवसांत खुलतं. एसीत बसून काम असेल तर कातडी गार राहते आणि तेल अगदी संथ चालतं, त्यामुळे ऑफिससाठी हा प्रकार उलट सोयीचाच.

माणसागणिक फरक पडतो का? पडतो. तेलकट कातडीवर जास्त टिकतं, कोरड्यावर लवकर उडतं. पण त्याहून मोठा फरक नाकांचा असतो. काही मोठे रेणू काही माणसांना कळतच नाहीत, आणि आधुनिक लाकडी वासांत तसले रेणू बरेच असतात. दुकानात हे हमखास घडतं. नवरा मनगट पुन्हा पुन्हा हुंगतो आणि म्हणतो, "काहीच येत नाही गो, पाणी दिलंय यांनी." बायको दोन पावलं मागे सरकून म्हणते, "अहो, केवढा घमघमाट सुटलाय!" दोघंही खरं बोलत असतात. म्हणून पहिल्यांदा लावाल तेव्हा स्वतःच्या नाकावर विसंबू नका. शिवाय आपल्या नाकाला काही मिनिटांत सवय होते आणि वास गेला असं समजून माणूस आणखी चोपडतो. घरच्या कुणाला तरी विचारा, किंवा ऑफिसातल्या स्पष्ट बोलणाऱ्याला.

पारखायचं असेल तर एका वेळी एकच, एका मनगटावर एकच टिपका. चोळू नका, चोळून काही 'मोडत' नाही, पण घर्षणाच्या उबेने हलका भाग भसकन निघून जातो आणि सुरुवात हुकते. दुकानातून बाहेर पडा, चहा घ्या, बाजार करा, मग हुंगा. मध्ये कॉफीच्या बिया हुंगायची पद्धत आहे तिचा विशेष उपयोग दिसत नाही. मोकळी हवा पुरे.

एका गोष्टीत मात्र खरंच सांभाळा. किनाऱ्याकडच्या बाजारांत, हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात वगैरे, छोट्या कुप्यांत 'सँडल', 'टेम्पल', 'नागचंपा' अशा नावांची तेलं मिळतात. त्यातली काही बर्नरमध्ये पाण्यावर टाकून खोलीत दरवळ करायची असतात, अंगाला लावायची नव्हेत. विकणाऱ्याला फरक माहीत असेलच असं नाही. लेबलावर अंगाला लावण्यासाठी आहे असं आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल तर घेऊ नका. मसालेदार धुपाच्या मिश्रणांत दालचिनी-लवंगेचं तेल असतं, त्याने लाल चट्टे उठू शकतात. बर्गामोटसारख्या लिंबूवर्गी तेलांतले काही पदार्थ कातडीवर असताना कडक ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग पडतात. समुद्रावर जायचं असेल त्या दिवशी उघड्या अंगाला काही लावू नका. नवीन कुपीचा टिपका आधी कोपराच्या आत लावून एक दिवस जाऊ द्या, खाज आली नाही तर पुढे चाला.

ऑफिससाठी एवढं पुरे: ३ मिलीची कुपी घ्या, चंदन किंवा देवदार मुख्य आणि धूप बेताचा असलेली. अंघोळीनंतर अंग पुसून, एक टिपका कोपराच्या आत, एक मानेच्या मागे. दाढी केल्या केल्या गालाला नको. फाया, म्हणजे तेलात बुडवलेला कापसाचा बोळा, करून कानात ठेवायची जुनी पद्धत आहे, तीही छान चालते, पण कापूस अगदी चिमूटभर घ्या. कुपी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, इथल्या उन्हात महिन्याभरात वास आंबतो. आणि पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला लावायचा मोह टाळा, तेलाचा पिवळा डाग धुतला तरी पूर्ण जात नाही.