घासून न जाणारे डाग

“पंधरा दिवसांत दात पांढरे होतील ना, मॅडम? पाहुणे बघायला येणार आहेत.” लग्नसराईच्या आधी हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. मी दंतवैद्य नाही, समुपदेशक आहे. तरीही तो माझ्यापाशीच विचारला जातो, कारण दातांची लाज डॉक्टरला सांगायलाही लाजच वाटते.

रेखा (नाव बदलले आहे) तेवीस वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडची. झोप लागत नाही, चारचौघांत जेवता येत नाही, म्हणून आली होती. बोलताना ओढणीचं टोक सतत तोंडावर. डी.एड. झालेली, पण वर्गासमोर उभं राहायचं म्हटलं की हातपाय गार पडायचे. दातांचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि मधेमधे खडूसारखे पांढरे ठिपके होते. मोबाईलवर व्हिडिओ पाहून दोन महिने ती लिंबाच्या रसात खायचा सोडा कालवून दात घासत होती, नंतर कोळशाची पूड. डाग जागच्या जागी राहिले. गार पाणी लागलं की कळ मात्र मस्तकात जायला लागली.

आई शेजारीच होती. “मी तिले किती येळा सांगतलं, जोर लावून घास म्हणून. आळस करते जी.”

रेखा खाली बघत राहिली. हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत होती.

मी आईंना विचारलं, “काकू, तुमच्या बोअरचं पाणी पिणाऱ्या बाकीच्या मुलांचे दात कसे आहेत?” त्या थबकल्या. “आमच्या वस्तीत तं सगळ्याइचेच असे हायेत.”

मी त्यांना दंतवैद्याकडे पाठवलं. निदान झालं फ्लुरोसिसचं. साधारण आठ वर्षांच्या आत, दात हिरडीखाली घडत असताना पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेलं की दाताचं वरचं आवरण, एनॅमल, सदोष बनतं. डाग त्या आवरणातच असतो, मग तो घासून जाणार कसा? लिंबाचा आम्लपणा मात्र एनॅमल विरघळवतो आणि झिजलेलं एनॅमल पुन्हा वाढत नाही. उलट खालचा थर मुळातच पिवळसर असल्याने तो जास्त दिसू लागतो. इतकी वर्षं आळशी ठरवलेली ही मुलगी प्रत्यक्षात दात झिजेपर्यंत घासत होती. हे ऐकताना आईंचे डोळे भरून आले.

म्हणून मी प्रत्येकाला आधी रंगाचं कारण शोधायला सांगते. चहा, तंबाखू, मिश्रीचे डाग वरवरचे असतील तर दवाखान्यातल्या साध्या स्केलिंगने, म्हणजे यंत्राने दात साफ केल्याने, बरेच निघतात. त्याने दात हलतात ही भीती खोटी आहे. एकच दात काळवंडला असेल तर आतली नस मेलेली असू शकते, तिथे उपाय वेगळा. वयाने आलेल्या पिवळेपणावर ब्लीचिंग चांगलं चालतं: दंतवैद्याने मापाने बनवलेल्या ट्रेमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घालून रात्री लावायचं, साधारण दोन आठवडे. काही दिवस दात शिवशिवतात. कॅप आणि फिलिंगचा रंग मात्र बदलत नाही. गरोदरपणी हे टाळावं.

रेखाला डॉक्टरांनी आधी सगळं थांबवायला लावलं. लिंबू, सोडा, कोळसा बंद. मऊ ब्रश आणि शिवशिवीवरची पेस्ट. पाहुणे यायच्या आत, पंधरा दिवसांत दात पांढरे करायचा हट्ट तिथेच संपला. पुढे पर्याय असे होते: डागांचा अगदी पातळ थर काढणारं मायक्रोअॅब्रेजन, जोडीला ब्लीचिंग, किंवा दातांवर व्हेनियर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा. ब्लीचिंगने पांढरे ठिपके सुरुवातीला अधिक उठून दिसू शकतात, हेही त्यांनी सांगितलं. व्हेनियरला मी मनातून घाबरत होते. पोर्सेलिनसाठी बहुधा दात थोडा कोरावा लागतो, तो परत येत नाही आणि ते पुढे कधीतरी बदलावंही लागतं. पाहुण्यांच्या एका बैठकीच्या धास्तीने तेवीसाव्या वर्षी असा निर्णय घेऊ नये, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. तिने मायक्रोअॅब्रेजन निवडलं. डाग फिकट झाले, पूर्ण गेले नाहीत.

पाहुणे मात्र त्याआधीच येऊन गेले. आम्ही दोन भेटींत एकाच वाक्याचा सराव केला होता: “आमच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्याचे हे डाग.” तिने ते सांगितलं, ओढणी खांद्यावर ठेवून. ते स्थळ जुळलं नाही. पुढच्या आठवड्यात तिने गावातल्या शिकवणीच्या मुलांसमोर उभं राहून पहिल्यांदा धडा घेतला.

शेवटच्या भेटीत आईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. “मॅडम, नातू तीन वर्षांचा हाय. त्याले उकळून पाजू का?” उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं की उलट त्याचं प्रमाण वाढतं, हे मी सांगितलं. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. बाटली घेऊन आम्ही तिघी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत गेलो.