जुन्या जिप्सीची उंची तीन-चार इंच वाढवली तर चिखलात आणि खडकाळ वाटेवर फायदा होतो का, आणि खर्च किती येतो?

आपला प्रश्न वाचून उत्तर दिल्यावाचून राहवले नाही, कारण आमच्या घरात हाच वाद गेली नऊ वर्षे मिटलेला नाही. चिखलाबाबत माझे मत ठाम आहे: केवळ सस्पेन्शन उंच केल्याने जिप्सी चिखलातून निघत नाही. आधी टायर मोठे लागतात.

माझ्या थोरल्या भावाने, मी विरोध करीत असतानाही, इंदूरच्या एका गॅरेजमध्ये आमच्या जिप्सीला स्प्रिंगचे जास्तीचे पाटे, ज्यांना इथले मिस्त्री कमानी म्हणतात, आणि लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या पट्ट्या, बसवून घेतले. गाडी तीन इंच उंच झाली. टायर मात्र मूळचेच, २०५/७० आर १५, राहिले, कारण तो खर्च दादाला अनाठायी वाटला. परतीच्या पावसानंतर आम्ही चोरलच्या बाजूला एका शेतवाटेवर गेलो. माळव्याची काळी माती भिजल्यावर कशी होते ते आपण जाणताच. सोयाबीन वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी तिथे खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि मधला उंचवटा तसाच उभा होता. गाडी मी चालवीत होतो, फोर-व्हील लोमध्ये, दुसऱ्या गिअरवर. पन्नासेक पावले गेलो नाही तोच मागच्या डिफरेन्शियलचा, म्हणजे दोन चाकांमधल्या ॲक्सलवरच्या गिअरपेटीचा, गोळा त्या उंचवट्यावर टेकला आणि चाके चाकोरीत नुसतीच फिरू लागली. बंपर चिखलापासून हातभर उंच होता, तरी गाडी तसूभर हलेना. शेजारच्या शेतातल्या काकांनी ट्रॅक्टर लावून आम्हाला ओढून काढले. मी वेग कमी केला म्हणून गाडी अडकली, असे दादा तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याला सांगत आला आहे.

वेगाचा इथे काहीही संबंध नव्हता. जिप्सीला पुढे-मागे अखंड ॲक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच दांडा, आहेत. पाटे उंच केले की चासी आणि बॉडी वर जाते, ॲक्सल मात्र जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. त्याला उचलते ते फक्त टायर. २०५/७० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर आणि २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४ असतो. फरकाचा निम्मा, म्हणजे ३३ मिलिमीटर, डिफरेन्शियलखाली मिळतो. हे टायर वळताना आणि गाडी दबताना मडगार्डला घासू नयेत एवढ्यापुरतीच, दीड-दोन इंचांची, लिफ्ट करावी. मोठ्या टायरवर स्पीडोमीटर साठ दाखवीत असेल तेव्हा गाडी सहासष्टच्या आसपास धावत असते, हेही ध्यानात ठेवावे.

त्याच दिवशी परतताना, सिमरोलकडे चढणाऱ्या घाटात, प्रत्येक वळणानंतर स्टीअरिंग मला हाताने सरळ करावे लागत होते. जिप्सीचे पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की ॲक्सल किंचित फिरतो, कॅस्टरचा कोन, म्हणजे पुढचे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागचा कल, कमी होतो आणि स्टीअरिंग आपोआप मध्यावर येत नाही. पाट्याखाली योग्य कोनाची पाचर बसवून हे सुधारता येते, पण गॅरेजमध्ये कोणी ते सुचवले नाही आणि दादाने दोष माझ्या हाताला दिला. नंतर प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे, क्रॉसही (सांधे) लवकर गेले, कारण शाफ्टचा कोन वाढला होता. म्हणून खर्चाचा हिशेब करताना पाटे आणि शॅकल यांच्या जोडीला टायर, लांब शॉक ॲब्सॉर्बर, लांब ब्रेक होज आणि पाचर आधीच धरा.

खडकाळ वाटेवर उंचीचा उपयोग होतो हे मान्य करायला हवे. उंचवटा ओलांडताना गाडीचे पोट आणि पायथ्याशी बंपर वाचतो. थारसारख्या, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीला माझा हिशेब पुढच्या बाजूस लागू होत नाही, कारण तिथे डिफरेन्शियल चासीबरोबर वर जाते. मात्र ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट जास्त कोनात फिरतात आणि त्यांची रबरी बुटे फाटतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले आहे. आरटीओ आणि विमा कंपनी या दोन्ही ठिकाणी आधी लेखी विचारा.

लिफ्ट बसवण्यापूर्वी मी डिफरेन्शियलच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून ठेवले होते: साडेवीस सेंटिमीटर. लिफ्टनंतर त्याच फरशीवर, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून पुन्हा मोजले, तेव्हाही साडेवीसच भरले. दादाने आजवर खाली वाकून ते माप पाहिलेले नाही. आपण लिफ्ट केलीच तर आधीचे आणि नंतरचे माप घेऊन इथे लिहा. मला ते त्याला दाखवायचे आहे.