हिमालयातल्या बर्फावरून त्या वर्षीच्या चक्रीवादळांचा अंदाज बांधता येतो का?

तुम्ही विचारलंय, हिमालयात बर्फ जास्त पडला तर त्या वर्षी चक्रीवादळं कमी होतात का, आणि त्यावरून केळीची लागवड ठरवता येईल का. मी रावेर तालुक्यात केळी करतो. संबंध आहे, पण लांबचा. त्याच्या भरवशावर लागवड ठरवू नका.

ताजा बर्फ अंगावर पडलेलं 80 टक्क्यांच्या आसपास ऊन माघारी पाठवतो. उरलेलं वितळण्यात खर्ची पडतं. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात शून्य अंशाचं लिटरभर पाणी 80 अंशांपर्यंत तापतं! हिमालयामागचं तिबेटचं पठार सरासरी 4,000 मीटरहून उंच आहे, त्यामुळे ते तापलं की थेट वरच्या थरातली हवा तापते. बर्फ वसंतातही रेंगाळला तर हे तापणं लांबतं आणि मोसमी वारे ढिले पडू शकतात. हवामानशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड यांनी 1884 मध्येच हिमालयातला जास्त बर्फ आणि आपल्याकडचा कमी पाऊस यांची सांगड घातली होती. पण ती दर वर्षी काही जुळली नाही.

वादळांच्या बाबतीत या बर्फाचा अभ्यास झालाय तो जास्त करून चीनकडे जाणाऱ्या पॅसिफिकमधल्या वादळांवर. आपल्या अरबी समुद्राचं गणित वेगळं. जून ते सप्टेंबर खालचा वारा नैऋत्येकडून, वरचा पूर्वेकडून; या ओढाताणीत वादळाला उभं राहताच येत नाही. म्हणून ती पावसाळ्याच्या तोंडाशी नाहीतर पावसाळा सरल्यावर येतात. 'तौक्ते' 17 मे 2021 ला गुजरातेत धडकलं, 'निसर्ग' 3 जून 2020 ला रायगडात. पाणी किती तापलंय आणि वरचा वारा कसा आहे, हे तिथे बर्फापेक्षा जवळचं कारण.

आणि आपल्या बागा बहुतेक वेळा चक्रीवादळानं नाही, वळवाच्या वाऱ्यानं पडतात. एका मे महिन्यात दुपारी चारला आभाळ भरून आलं आणि वीस मिनिटांत माझी निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, बाग आडवी झाली. खोडं गुडघ्याएवढ्या उंचीवर पिळवटून मोडलेली, त्यांतून पाणी गळत होतं, अन् हिरवे घड चिखलात. अरबी समुद्रात त्या दिवशी काहीही नव्हतं.

तेव्हा बर्फाच्या बातम्या जरूर वाचा, पण पैसा लावा तो बांधावर वारा अडवणाऱ्या शेवरीच्या झाडांना आणि घड लागलेल्या झाडांच्या टेकूंना. मे उजाडला की हवामान खात्याचा रोजचा इशारा बघत जा.